मशीनला पाणी कमी पडतंय

माणसाचा चेहरा बघण्याआधी मी त्याची कॉलर बघतो. खोड वाईट आहे, पण पोट तिच्यावरच चालतं. कुठली वस्तू घ्यावी नि कुठली घेऊ नये हे गिऱ्हाइकांना सांगणारं एक मासिक आहे; त्याच्या प्रयोगशाळेत मी कपडे धुण्याची मशिनं तपासतो. मशीन कपडे किती स्वच्छ धुतं हे ठरवायचं, एवढंच माझं काम. लोकांना हसू येतं. दिवसभर धुणं धुता का, असं विचारतात. मी सांगतो, नाही, मी दिवसभर दुसऱ्याच्या धुण्याला नावं ठेवतो. ऑफिसात मला सगळे कॉलरसाहेब म्हणतात आणि, खोटं कशाला बोला, मला ते आवडतं.

आमची पद्धत सोपी आहे. पांढऱ्या कापडाची एक पट्टी असते, तिच्यावर ओळीने डाग पाडलेले: रक्त, कोको, वाइन, तेलातली काजळी. ही पट्टी इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये घालायची. धुऊन वाळली की एका यंत्राखाली धरायची. कापडावरून किती उजेड परत येतो हे ते यंत्र मोजतं. आम्ही त्याला नुसतं 'डबा' म्हणतो. त्यानंतर तीन माणसं, एकमेकांशी न बोलता, दिव्याखाली तीच पट्टी बघतात आणि पाचापैकी गुण देतात. डबा आणि डोळे जुळले तर निकाल पक्का. जे दिसलं नाही त्याला इतक्या वर्षांत मी कधी गुण दिलेला नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

या वर्षी पाळी होती कमी पाण्याच्या मशिनांची. कपडे वरूनच टाकायचे, पण जुन्या मशिनांत मधोमध असायचा तो दांडा यांत नाही. तळाला नुसती एक चकती फिरते. मशीन आधी कोरडे कपडे तोलतं आणि ते जेमतेम भिजतील इतकंच पाणी घेतं. साबणाचं दाट पाणी कपड्यांत मुरतं, आणि कपडेच कपड्यांना घासतात. काचेच्या झाकणातून बघितलं तर धुणं चाललंय असं वाटतच नाही; रविवारी सकाळी उठायला कंटाळलेल्या माणसासारखे कपडे नुसते कुशी बदलत असतात. त्यातलं एक मशीन आमच्याकडे पहिलं आलं. डब्याने पहिलं ठरवलं, तिघांच्या डोळ्यांनीही पहिलं ठरवलं. मी तेच घरी आणलं.

आणायला कारण होती आई. आमच्या घरात धुणं हे आईचं खातं. मागच्या थंडीत बाथरूममध्ये चादर पिळताना तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. सळई घातली, महिनोन् महिने गेले, आई चालायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वेळी उठल्या. ओल्या फरशीवर पुन्हा पडल्या तर उठतील असं धरून चालू नका. ते वाक्य मी तेव्हापासून खिशात घेऊन फिरतोय. बाथरूमचं दार वाजलं की मी हातातलं टाकून उठतो. म्हणून मला असं मशीन हवं होतं की ज्याला आईसुद्धा नाव ठेवू शकणार नाही.

आईने दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं. मशीन कंजूष आहे, म्हणाली. गॅलरीत ते ठेवलं होतं, त्याच्यासमोर स्टूल टाकून ती काचेतून आत बघत बसली होती. एवढ्याशा पाण्यात माझे पायसुद्धा धुऊन होणार नाहीत, म्हणाली. मी तिला तोल, चकती, दाट साबण, सगळं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

पण गोष्ट नुसत्या तोंडाच्या पट्ट्याची नव्हती. आईची स्वतःची तपासणी आहे. वाळलेला टॉवेल तिने खिडकीशी नेला, झटकला, हुंगला. वाडगाभर स्वच्छ पाणी घेऊन टॉवेलचं टोक त्यात बुडवून पिळलं आणि वाडगा माझ्या नाकाखाली धरला. पाणी गढूळ होतं. मी म्हटलं, नव्या टॉवेलचे धागे असतील. टॉवेल जुनाच होता. मग बायकोने येऊन वाडग्यात बघितलं आणि, आई म्हणतात त्यात तथ्य आहे, म्हणाली. लग्न झाल्यापासून या दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ते माझ्या मशीनविरुद्ध होतं.

"या महिन्यात बघते," आई म्हणाली. "नाही सुधारलं तर माझे कपडे मी धुणार. हात शाबूत आहेत माझे."

हात शाबूतच होते. प्रश्न खुब्याचा होता.

मी तिला सांगितलं की सिद्ध करून दाखवतो. ऑफिसातून डागांची पट्टी आणली, रात्री उशीच्या अभ्र्याला टाचणीने लावली आणि आईला दाखवून ठेवली, की ही मशीनची परीक्षा. आईने गंभीरपणे विचारलं की नापास झालं तर. मी हसलो. माझं मशीन नापास होणार नव्हतं.

आमच्याकडे धुण्याचा क्रम ठरलेला. बायको औषधाच्या दुकानात काम करते. निघताना ती कपडे आणि पावडर घालून मशीन सुरू करते. मी तिच्याबरोबरच बाहेर पडतो. घरात आई आणि मशीन. संध्याकाळी येऊन मी पट्टी सोडवली आणि मला वाटलं, चुकून कोरीच लावली होती की काय. कोको जसाच्या तसा. काजळी दिमाखात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती डब्याखाली धरली, आणि मनातल्या मनात स्वतःही गुण दिले: दोन. याच मशीनने, अशाच पट्टीवर, इथे प्रयोगशाळेत साडेचार मिळवले होते.

मला काही कळेना. मी एकेक संशय घेत सुटलो. आधी घरच्या पाण्याचा. कॅनमध्ये पाणी भरून ऑफिसात नेलं, त्या पाण्याने तिथलं मशीन चालवलं, पट्टी लख्ख. मग मशीनचा. मेकॅनिक आला, त्याने ते उघडलं, मिटलं, एकदम ठणठणीत आहे म्हणाला आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघून गेला. मग माझ्या डोळ्यांचा. डोळे तपासून घेतले; तेही ठणठणीत. सगळंच ठणठणीत होतं, फक्त कपडे मळके होते. जगाच्या कॉलरी तपासणाऱ्याच्या घरात मळके कपडे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अंक छपाईला जायची वेळ आली होती. मी आमच्या संपादक मॅडमकडे गेलो आणि सांगितलं की पहिलं आलेलं मशीन माझ्या घरी नापास होतंय, निकाल थांबवावा का ते कळत नाही. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "घरची चाचणी ही चाचणी नसते, कॉलरसाहेब. घरात माणसं असतात." मला वाटलं, त्या विनोद करताहेत.

मग एका सकाळी बायको पावडर घालताना मी शेजारी उभा राहिलो. पावडरच्या डब्यातलं माप बाजूला पडलं होतं; ती जुन्या कॉफीच्या कपाने पावडर ओतत होती, आणि कप शिगोशीग भरलेला. चोर सापडला म्हणून मला इतका आनंद झाला की मी तिथेच व्याख्यान दिलं. कमी पाण्याच्या मशीनला कमी पावडर लागते, जास्त घातली तर ती निघत नाही, कपड्यांतच बसते, तोच तो वाडग्यातला गढूळपणा. बायको म्हणाली की फेस येत नाही म्हणून जास्त घालते; आयुष्यभर फेस बघून कपडे धुतले, आता तुमच्यासाठी फेस विसरू का. पण दुसऱ्या दिवसापासून तिने मापाने पावडर घातली. मी नवी पट्टी लावली. संध्याकाळी पट्टी आधीपेक्षा वाईट निघाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी. बायको माझ्याशी बोलेना, पण मधूनमधून स्वतःशी हसताना दिसे.

त्याच आठवड्यात दुसरंच काहीतरी माझ्या लक्षात आलं. घरी आलो की बाथरूमची फरशी ओली असायची. बादली तिच्या जागेवर नसायची. आई खोलीत पडून असायची, गरजेपेक्षा जरा जास्तच शांत. मला वाटलं, संपलं, तिने हाताने धुवायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाली, नाही, मी एक रुमालसुद्धा धुतला नाही. आणि खरंच, दोरीवर तिचं काही नव्हतं. फरशी ओली, पण धुतलेलं काहीच नाही. याचा अर्थ मला लागेना. ऑफिसात पट्टीकडे बघताना मला पट्टी दिसायचीच नाही. ओली फरशी दिसायची आणि तिच्यावर आईची पावलं.

शेवटी एके दिवशी मी बायकोबरोबर बाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, तिला पुढे जाऊ दिलं आणि परत फिरलो. किल्लीने हळूच दार उघडलं.

आई बाथरूममधून येत होती. एका हातात अर्धी बादली, दुसरा हात भिंतीवर. ओल्या फरशीवर एक पाऊल, मग विचार, मग दुसरं पाऊल. मी ओरडणार होतो, पण दचकून पडेल म्हणून तोंड दाबून तसाच उभा राहिलो. ती गॅलरीत पोचली, बादली स्टुलावर टेकवली, मशीनवरचं दोन उभ्या रेघांचं बटण दाबलं. मशीन थांबलं. झाकणाचा खटका वाजेपर्यंत ती थांबली. तिला सगळं ठाऊक होतं. झाकण उघडून तिने मगाने आत पाणी ओतायला सुरुवात केली.

"घे, घे," ती मशीनला म्हणाली. "संकोच करू नकोस."

मी तिला आधी खुर्चीत बसवलं आणि मग खाली तिच्या पायाशी बसलो. हे कधीपासून चाललंय, म्हणून विचारलं. पहिल्या दिवसापासून, म्हणाली. रोज एक बादली, अर्धी-अर्धी करून.

"आणि मी पट्टी लावायचो तेव्हा?"

"तेव्हा दोन बादल्या. त्याची परीक्षा असायची ना."

मी कपाळाला हात लावला. मग तिला सांगितलं की पाणी वाढलं की कपडे तरंगतात, एकमेकांना घासत नाहीत, साबण पातळ होतो, मापाने घातला तर आणखीच पातळ, मळ जागचा हलत नाही. आपला मुलगा शाळेच्या स्टेजवर भाषण करतोय अशा कौतुकाने तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी एवढं पाणी घालून हे असं धुतं," ती म्हणाली. "नुसतं त्याच्यावर सोडलं तर काय धुईल?"

मी विचारलं की एकीकडे त्याला मदत करायची आणि दुसरीकडे माझ्याकडे त्याची तक्रार करायची, हा काय प्रकार.

"सगळ्या बाजारातून तू निवडून आणलंस. तुझ्या बायकोसमोर ते नापास झालेलं मला बघवत नव्हतं, म्हणून हातभार लावला. पण धुतं वाईट, तर वाईटच म्हणणार. खोटं कसं बोलू?"

रविवारी आम्ही तिघं मशीनसमोर बसलो. पावडर मापाने. बटणाला कुणी हात लावायचा नाही. आई दोन्ही हात मांडीवर दाबून बसली होती, आणि पाणी यायचं थांबलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तशी नजर मी पूर्वी फक्त लहानपणी तापाने फणफणलो असताना बघितली होती. धुणं झालं, वाळलं. पट्टीवर कोकोची नुसती आठवण उरली होती. आईने वाडगा आणला, टॉवेलचं टोक बुडवलं, पिळलं. पाणी नितळ.

"बघ," मी म्हणालो. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं, त्याची मला आता लाज वाटते.

आईने वाडगा गॅलरीतल्या झाडांत रिकामा केला. "म्हणजे मीच घाण करत होते," म्हणाली आणि स्टूल उचलून आत घेऊन गेली.

त्यानंतर धुणं सुरेख व्हायला लागलं. बायकोने कौतुक केलं, मेकॅनिकला मी मुद्दाम फोन करून सांगितलं. आई गॅलरीत फिरकेना. दुपारभर खिडकीशी बसून राही, जेवायला हाक मारली म्हणून येई. काही दुखतंय का विचारलं तर नाही म्हणे. घरात शांतता होती आणि मी तिला सुख समजत होतो.

आणि एका संध्याकाळी बाथरूमची फरशी पुन्हा ओली. या वेळी दार उघडंच होतं. आई पाटावर बसून, खुब्याला तिरकं घेऊन, वाकून रुमाल चोळत होती. माझे रुमाल. त्याच सकाळी मशीनमधून निघालेले, वाळून घडी घातलेले.

"अगं, ते धुतलेले आहेत."

"माहितीये," ती म्हणाली. "बसून बसून हात आखडले."

मी तिला काखेत धरून उठवलं. उठताना तिचा पाय एकदा सरकला. माझ्या हातात होती म्हणून सावरली. मी तिच्यावर चिडलो, नाही नाही ते बोललो, डॉक्टरांचं ते वाक्यसुद्धा तिला ऐकवलं, जे मी कधीच ऐकवणार नव्हतो. तिने ओले रुमाल माझ्या हातात दिले आणि खोलीत गेली. मी ते पिळत उभा राहिलो आणि मला रडू आलं. मशीन स्वच्छ धुतं हे मी सिद्ध केलं होतं. त्यातून आई पुन्हा बाथरूममध्येच गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतली झाडांची छोटी झारी घेतली, भरली आणि मशीनशेजारी स्टुलावर ठेवली. दुसरं स्टूल बसायला. मग आईला बोलावलं.

मी तिला सांगितलं की गोंधळ झालाय. कालच्या धुण्यात मोठ्या टॉवेलचा एक कोपरा कोरडाच निघाला. ऑफिसातही तसंच दिसलं. मशीन चांगलं आहे, पण त्याला पाणी थोडं कमी पडतंय. फक्त बादली म्हणजे फार होतं. एक झारी पुरे. बाथरूममधून आणायचं नाही, मी रोज सकाळी भरून ठेवीन. ती बसून, हळूहळू, सगळीकडे सारखी घालायची.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बायको दारात उभी होती. मला वाटलं, आता ही हसणार. ती म्हणाली, "हो आई, तो कोपरा मीही बघितला."

आईने झारी उचलून वजन बघितलं. "कधी घालायची?"

"कपड्यांनी तिसऱ्यांदा कूस बदलली की," मी म्हणालो. हे मला त्याच क्षणी सुचलं.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली आणि स्टुलावर बसली.

तिला खरं वाटलं का, मला माहीत नाही. कोरड्या टॉवेलमधला घाम हुंगून ओळखणारी बाई आहे ती. माझं खोटं तिला ओळखता आलं नसेल असं होईल का? पण ओळखलं असेल तर रोज इतकं मन लावून झारी कशी धरते? कधी वाटतं, ती मला फसवतेय. कधी वाटतं, ती माझ्यासाठी फसतेय. या गोष्टीला लावायला माझ्याकडे पट्टी नाही. एवढं मात्र खरं, की बाथरूमची फरशी कोरडी असते, आणि संध्याकाळी घरी गेलो की आई आपणहून सांगते, आज चादरी होत्या, जरा सावकाश घातलं.

सवयीने मी मोजलंच. एका झारीने पूर्ण एक गुण जातो.

अंक निघाला. मशीन पहिलं. त्या दिवशी ऑफिसात फ्रिज तपासणारा माझा जोडीदार मला दिव्याखाली गाठून म्हणाला, थांबा, आज तुमची पाळी. त्याने माझी कॉलर उलटी केली, डोळे बारीक केले.

"साडेतीन," म्हणाला. "कॉलरसाहेब, शोभत नाही हं. कुठलं मशीन घेतलंत घरी?"

"मशीन नाही," मी म्हणालो. "माझे कपडे आई धुते."